पेटीतलं गाणं

गेल्या आठवड्यात बी.ए.च्या वर्गात बोलता बोलता मी म्हणाले, "आम्ही मालिका रेकॉर्ड करून ठेवायचो." पहिल्या बाकावरच्या मुलीनं लगेच विचारलं, "कशाला मॅडम? मोबाइलवर असतीच की, कधी पण." तिचं बरोबर आहे. चुकलेला भाग हवा तेव्हा बघायला मिळणं ही गोष्ट तिच्या पिढीला नळाच्या पाण्यासारखी वाटते. (आपल्याकडे नळाचं पाणीही हवं तेव्हा येत नाही, तो विषय वेगळा.) मी हसून धडा पुढे नेला, पण घरी येईपर्यंत डोक्यात आमची जुनी पेटीच होती.

आमचं घर दुभाषी. या सदराच्या वाचकांना त्याचं नवल वाटायचं कारण नाही, निम्म्या वाचकांची घरं तशीच आहेत. माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर बैलहोंगलकडचं, कन्नड. सासऱ्यांच्या नोकरीमुळं टिळकवाडीत येऊन राहिलेलं. सासूबाईंना मी लग्नाच्या पहिल्या दिवसापासून अत्तीच म्हणत आले. अत्तींची कन्नड मालिका रात्री साडेआठला आणि माझी मराठी मालिकाही साडेआठलाच. टीव्ही घरात एक. अत्ती कधी भांडल्या नाहीत. माझ्या मालिकेत जाहिरात लागली की एवढंच म्हणायच्या, "ईग स्वल्प नम्मदु हच्च, येन आगेद नोडोण." आणि ते 'स्वल्प' नऊ वाजेपर्यंत चालायचं. मी आत जाऊन भांडी जरा जोरात ठेवायची.

माहेरी माझ्या वडिलांकडं व्हीसीआर होता. तीन तासांची ई-१८० कॅसेट, तिच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेली तारीख, आणि 'पुसू नये' असं लाल शाईत. वडील दूरदर्शनवरची नाट्यगीतं आणि क्रिकेटचे सामने भरून ठेवायचे. टायमर लावून ऑफिसला जायचे, आणि मधे लाइट गेली की यंत्राचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच. पुढं केबलवर वाहिन्या वाढल्या. १९९४ ला उदया आली, १९९९ ला अल्फा मराठी, २००० साली ई टीव्हीच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही. वाहिन्या वाढल्या तशी घराघरांतली भांडणंही वाढली आणि व्हीसीआर त्याला पुरा पडेना. एका कॅसेटवर दोन वाहिन्या एकदम भरता येत नाहीत.

जपानच्या ज्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली व्हीएचएस बाजारात आणली, तिनंच १९९८ च्या सुमारास डी-व्हीएचएस नावाचा डिजिटल टेप रेकॉर्डर काढला होता. उपग्रहावरून येणारे आकडे जसेच्या तसे टेपवर उतरवायचे, त्यामुळं नक्कल मुळाइतकीच स्वच्छ. अमेरिकेत तर डिशचा रिसीव्हर आणि हा टेप रेकॉर्डर एकाच पेटीत घातलेलं यंत्रही विकायला आलं. आपल्या घरांपर्यंत ते काही पोचलं नाही, आणि तिकडंही फार चाललं नाही. १९९९ साली टिवो आला. त्यात टेपच नव्हती, संगणकासारखी हार्ड डिस्क होती. गुंडाळणं नाही, शोधणं नाही, बटण दाबलं की भाग समोर. टेप मागं पडली ती कायमची. टेप यंत्रातून काढून कपाटात ठेवता यायची आणि डिस्क आतच राहायची, हा फरक तेव्हा कुणाला फार महत्त्वाचा वाटला नाही. मला तर तो कळायला २०१६ साल उजाडावं लागलं.

२००९ साली ह्यांनी रेकॉर्डरवाली डीटीएच पेटी आणली. गच्चीवरच्या तबकडीतून एकाऐवजी दोन वायरी खाली आल्या, कारण पेटीत ट्यूनर दोन होते: एक वाहिनी बघायला, दुसरी भरायला. साध्या वाहिनीचा एक तास म्हणजे साधारण एक-दीड जीबी, त्यामुळं मालिकांचे कितीतरी भाग मावायचे. साडेआठला अत्तींची मालिका लागायची आणि माझी आत भरली जायची. दुसऱ्या दिवशी उलट. जेवणं झाल्यावर, दहा वाजता, आम्ही दोघी राहिलेली बघायला बसायचो. आणि मग एक गंमत झाली. मालिका भरलेलीच आहे, घाई कसली, म्हणून मी त्यांच्या मालिकेलाही बसू लागले आणि त्या माझ्या. टी. एन. सीताराम यांच्या 'मुक्त मुक्त'मधले कोर्टातले प्रसंग त्यांनी मला थांबवून थांबवून समजावले. 'एदे तुंबि हाडुवेनु'मध्ये एस. पी. बालसुब्रह्मण्यम लहान मुलांच्या चुका किती मायेनं सांगायचे, ते आम्ही मागं नेऊन पुन्हा बघायचो. माझं कन्नड त्या दोन वर्षांत जितकं सुधारलं तितकं लग्नानंतरच्या आधीच्या वर्षांत सुधारलं नव्हतं.

अत्तींनी पेटीचं नाव ठेवलं डब्बी. "इवत्तिंदु डब्ब्याग हाकीयेनु?" असं रोज विचारायच्या, उरलेली शेंगाचटणी डब्यात भरल्यासारखं. लाल बटण कुठलं आणि कशानं पुसलं जातं हे त्यांना पाठ झालं होतं. माझे दोन महाएपिसोड त्यांनी पुसले, ते चुकून की जाणूनबुजून हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही.

पेटीचा एक शत्रू होता, आपला पाऊस. उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण ३६,००० किलोमीटरवर. तिथून निघालेला संदेश तेवढं अंतर कापून येतो आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये ढगाखाली अडकतो. घरगुती तबकड्यांना जे कू-बँडचे तरंग येतात, त्यांची लांबी दोन-अडीच सेंटीमीटर. पावसाचे टपोरे थेंब ते शोषून घेतात, विखुरतात. केबलवाल्यांच्या मोठ्या तबकड्या लांब तरंगांच्या, म्हणून त्यांना पावसाचा त्रास कमी. जुलैतल्या बेळगावच्या संध्याकाळी आमच्या पडद्यावर आधी चौकटी उमटायच्या, मग आवाज तुटायचा, मग 'सिग्नल नाही'. पेटी बिचारी प्रामाणिक, त्या चौकटीसुद्धा भरून ठेवायची.

२०१० च्या श्रावणात एका वाहिनीनं भजनाच्या कार्यक्रमासाठी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या मंडळाचं चित्रीकरण केलं. मंडळ आमच्यासारखंच, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. एक पुरंदरदासांचं पद आणि एक तुकोबांचा अभंग असं ठरलं. पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांत हे दोघे शेजारीच नांदतात, आणि पंडित भीमसेन जोशींनी दासवाणी आणि संतवाणी एकाच गळ्यात घातल्यावर त्यात वेगळं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. गंमत अशी, की पद म्हणायला मंडळातल्या एक मराठी काकू पुढं झाल्या आणि अभंग सांगायला आमच्या अत्ती. मराठीतला 'चांगला'मधला च त्यांच्या जिभेला शेवटपर्यंत वळला नाही, 'चहा'तला च घालूनच त्या बोलायच्या. मी चार दिवस त्यांची तालीम घेतली. लेक्चररचा स्वभाव, दुसरं काय. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "विठ्ठलाला कन्नड येतंय ग. तो कानडाच हाय." मी तालीम थांबवली.

प्रसारणाच्या दिवशी मी पेटीला पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत वेळ लावून ठेवली, कारण कार्यक्रम वेळेवर सुरू होतील असा भरवसा कुठल्याच वाहिनीचा नसतो. घरात पंधरा माणसं. बाहेर पाऊस. अभंगाच्या दुसऱ्या कडव्याला चौकटी आल्या, अत्तींचा चेहरा नाकापासून खाली विस्कटला आणि दहा-बारा सेकंदांनी परत जुळला. पण भरलं गेलं. त्या भागाला मी 'पुसू नये'ची खूण लावली, वडिलांच्या लाल शाईसारखी.

पुढं तीन वर्षं कुणीही पाहुणा आला की चहाच्या आधी डब्बी लागायची.

२०१३ साली अत्ती गेल्या. त्यानंतर तो भाग लावायची हिंमत कुणाला झाली नाही. यादीत वर-खाली करताना त्याचं नाव दिसायचं आणि बोट पुढं जायचं. आहे, सुरक्षित आहे, बघू कधीतरी, एवढंच वाटायचं. २०१६ च्या मे महिन्यात एका सकाळी पेटी सुरूच होईना. आतून टिक टिक असा आवाज. कंपनीचा माणूस आला, नवीन पेटी लावतो म्हणाला, जुनी परत न्यायची म्हणाला. मी विचारलं, "यातलं रेकॉर्डिंग?" तो म्हणाला, "ते जातंय मॅडम. नवीन भरा की." त्याचा काही दोष नव्हता. दिवसाला दहा घरी तो हेच सांगत असणार.

पेटी आम्ही दिली नाही. ह्यांनी ती संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथल्या मुलानं डिस्क बाहेर काढली, दोन दिवस खटपट करून ती फिरतीही केली. म्हणजे आकडे आत होते. पण संगणकाला जोडल्यावर पडद्यावर एकच प्रश्न आला: ही डिस्क कोरी करायची का? तेव्हा त्या मुलानं मला जे समजावलं ते मी वर्गातही सांगते. डीटीएचचा कार्यक्रम आकाशातून येतो तोच कुलूप लावून येतो, पैसे न भरणाऱ्यानं बघू नये म्हणून. पेटी तो कुलपासकटच डिस्कवर उतरवते. किल्ली असते त्या पेटीत आणि त्या पेटीच्या कार्डात. डिस्क दुसऱ्या पेटीत घाला, त्याच कंपनीच्या तसल्याच पेटीत घाला, ती उघडत नाही. आमच्या पेटीत तर महिन्याचं रिचार्ज संपलं तरी आधी भरलेलं लागायचं नाही. तेव्हा मला त्याचं फक्त हसू आलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं की आपण ज्याला आपलं म्हणतोय ते आपल्या घरात ठेवलेलं दुसऱ्याचं आहे.

कायदा याहून उदार आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की प्रसारणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिकपणे अध्यापन-संशोधनासाठी केलं, तर प्रसारणाच्या हक्काचा भंग होत नाही. अमेरिकेत यावर मोठा खटला झाला होता. चित्रपट कंपन्यांनी सोनीच्या बीटामॅक्स रेकॉर्डरला कोर्टात खेचलं आणि १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की कार्यक्रम सोयीच्या वेळी बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं गैर नाही. पुढच्या पिढीच्या काही यंत्रांनाही कोर्टात जावं लागलं. ठेवायची मुभा कायद्यानं दिली आणि पेटीनं काढून घेतली.

माझी चूक मी लपवत नाही. पेटीच्या मागं पिवळं, लाल, पांढरं अशी तीन छिद्रं होती. त्यातून वायर काढून डीव्हीडी रेकॉर्डरला जोडली असती आणि इकडं भाग लावला असता, तर तिकडं तो कुलपाशिवाय उतरला असता. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला अर्धा तास, बाकी काही नाही. ह्यांच्या मित्राकडं ते यंत्र होतंही. सहा वर्षांत तो अर्धा तास मला मिळाला नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी पेटी अजून चालू आहे आणि तिच्यात असं काही अडकलं आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी ती वायर शोधावी. पेटीला फक्त एचडीएमआयचं तोंड असेल तर त्यालाही बहुधा कुलूप असतं. ज्यांच्याकडं डीडी फ्री डिश आहे ते सुखी. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावानं ती सुरू झाली तेव्हा लोक फुकटची म्हणून नाक मुरडायचे. पण सह्याद्री आणि चंदना तिच्यावर कुलपाशिवाय येतात, आणि बाजारातल्या कितीतरी साध्या पेट्यांना मागं पेन ड्राइव्ह लावला की कार्यक्रम त्यात उतरतो आणि कुठल्याही संगणकावर लागतो. महागड्या पेटीनं जे केलं नाही ते हजार-दीड हजाराच्या पेटीनं केलं.

वडिलांच्या व्हीएचएस कॅसेटी मी त्याच वर्षी माळ्यावरून उतरवल्या. अकरांपैकी चार टेपांवर पांढरी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. तसली कॅसेट यंत्रात घालू नका, बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. उरलेल्या सात उतरवून घेतल्या. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता चालतं यंत्र ज्याच्याकडं आहे त्यानं ते भंगारात देऊ नये. पस्तीस वर्षांपूर्वीची नाट्यगीतं खरखरत का होईना लागली. सहा वर्षांपूर्वीचं स्वच्छ डिजिटल गाणं लागलं नाही.

अशा वेळी मला बीबीसीची गोष्ट आठवते. टेप महाग, म्हणून त्यांनी १९६० च्या दशकातले कितीतरी कार्यक्रम पुसून टेपा पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेच्या नव्वदहून अधिक भागांची चित्रं त्यात कायमची हरवली. पण आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण काही हौशी प्रेक्षकांनी आपापल्या घरी, टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर मांडून तो भरून ठेवला होता. मालक पुसत होता आणि प्रेक्षक जपत होते.

आमच्याकडं तो हौशी प्रेक्षक म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. २०१८ मध्ये ती घर बदलताना जुन्या मोबाइलचं कार्ड तपासत होती, आणि रात्री दहाला तिचा फोन आला. "मामी, अज्जीचं टीव्हीवालं आहे माझ्याकडं." प्रसारणाच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये बसून तिनं मोबाइलनं टीव्हीचा पडदाच टिपला होता. तीन मिनिटं चाळीस सेकंद. चित्र लहान, त्यावरून आडवे पट्टे फिरताहेत, कडेला कुणाची तरी वेणी. पंख्याचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, कुकरची शिट्टी. मी पहिल्यांदा तीन ठिकाणी त्याच्या प्रती केल्या, मग बघायला बसले.

टीव्हीवरच्या अत्ती अभंग सुरू करतात. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, खोलीतल्या अत्ती बोलायला लागतात. पेटीतल्या रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच नव्हतं, असणार कसं? "नोड नोड, नन्न सीरि येष्ट छंद काणस्तद," असं त्या नातीला सांगतात. मग मराठीत, काकूंना उद्देशून, "ह्या च ला मी लई मेहनत घेतली बघा." काकू हसतात. दुसऱ्या कडव्याला चौकटी येतात तेव्हा, "अय्य, नन्न बायि येल्लि होत?" असं विचारतात आणि सगळी खोली हसते. मीही हसले, एकटीच, रात्री साडेदहाला.

त्यानंतर माझा आवाज येतो. चांगला मोठा, वर्गातला. "अत्ती, जरा गप्प बसा की. ऐकू दे सगळ्यांना."

क्लिपमध्ये त्यापुढं दीड मिनिट अजून आहे. टीव्हीवर अभंग चालू आहे, पाऊस चालू आहे. त्या पुन्हा बोललेल्या नाहीत.